लॅटिनमधलं ‘फेरो’: धातू दोन, रूपं तीन, अर्थ डझनभर

आंब्याचं शास्त्रीय नाव मॅन्जिफेरा इंडिका. नारळाचं कोकोस नुकिफेरा, शेवग्याचं मोरिंगा ओलेइफेरा, द्राक्षवेलीचं वीतिस वीनिफेरा. या चारही नावांतला ‘फेरा’ आला आहे तो ‘फेरो’ या लॅटिन क्रियापदावरून. झाडाने फळ ‘धरलं’ असं आपण म्हणतो, तसाच हा अर्थ: आंबे धरणारी, कवचाचं फळ धरणारी, तेल देणारी, वाइन देणारी. ताड मात्र बोरासस फ्लाबेल्लिफेर, म्हणजे पंखे धरणारा. तिथे शेवट ‘फेर’ होतो, कारण बोरासस पुल्लिंगी मानला आहे. अफूच्या झाडाचं नाव पापावेर सोम्निफेरुम, झोप आणणारं; पापावेर नपुंसकलिंगी, म्हणून ‘फेरुम’. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही तीन लिंगं एवढी लक्षात ठेवली तरी नावं लिहिताना निम्म्या चुका टळतात.

हे झालं सोपं टोक. प्रत्यक्ष लॅटिन मजकुरात हेच क्रियापद समोर आलं की अडचण होते. मोठ्या शब्दकोशात त्याच्या नोंदीला रकानेच्या रकाने लागतात: वाहणे, आणणे, नेणे, सोसणे, पिकवणे, सांगणे, कायदा मांडणे, मत देणे, खात्यावर टाकणे, वेगाने जाणे. ही यादी पाठ करून फारसं काही हाती लागत नाही. कर्ता कोण आणि कर्म काय हे आधी शोधलं, तर दहातल्या नऊ वाक्यांत अर्थ आपोआप ठरतो. पण त्याआधी रूपं ओळखता आली पाहिजेत, आणि फेरोचं खरं दुखणं तिथूनच सुरू होतं.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. इथे लॅटिन शब्द प्राचीन रोमन उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, म्हणून ‘सी’ अक्षराचा उच्चार सगळीकडे ‘क’. शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व ‘अ’ मराठी वाचनात गळून पडतो, त्यामुळे तो ‘आ’ असा लिहिला आहे. देवनागरीचा एक फायदा असा की ‘अ’ आणि ‘आ’, ‘इ’ आणि ‘ई’ वेगळे दिसतात. छापील लॅटिनमध्ये बहुधा ते दिसत नाहीत. तोटा असा की ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्व की दीर्घ ते आपल्या लिपीतून कळत नाही.

तीन रूपं कुठून आली

लॅटिन शब्दकोश प्रत्येक क्रियापदाचे चार मुख्य भाग देतो. फेरोचे असे: फेरो (मी वाहतो), फेर्रे (वाहणे), तुली (मी वाहिलं), लातुम (वाहायला). शेवटच्या जागी काही कोशांत लातुस हे धातुसाधित विशेषण दिलेलं असतं: ‘वाहिलेला’. फेरोचा तुलीशी आणि तुलीचा लातुमशी काही संबंध आहे, असं नुसतं बघून कुणाला वाटणार नाही.

मराठी माणसाला याचं फार नवल वाटायचं कारण नाही. ‘मी जातो’ आणि ‘मी गेलो’ यांत तरी कुठलं अक्षर सारखं आहे? ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूपासून आला, ‘गेला’ हा ‘गम्’ धातूच्या ‘गत’पासून. दोन धातूंनी मिळून एक क्रियापद चालवलं आहे. फेरोचंही तसंच.

वर्तमानकाळ ज्यातून आला तो धातू म्हणजे आपला ‘भृ’. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला ‘भ’ असतो तिथे लॅटिनमध्ये ‘फ’ येतो: भ्राता आणि फ्रातेर, भरति आणि फेर्त. रूपं शेजारी ठेवली की नातं स्पष्ट दिसतं: भरामि–फेरो, भरसि–फेर्स, भरति–फेर्त, भरन्ति–फेरुन्त. मराठीतले भार, भरणे हे याच घरातले.

तुली आणि लातुम वेगळे वाटतात, पण ते एकाच धातूचे आहेत. हा धातू ‘उचलणे, पेलणे’ या अर्थाचा. संस्कृतातली ‘तुला’ आणि मराठीतलं ‘तोलणे’ याच कुळातले. जुन्या लॅटिनमध्ये, उदाहरणार्थ इसवी सनापूर्वी 200 च्या आसपासच्या प्लाउतुसच्या नाटकांत, भूतकाळ ‘तेतुली’ असा सापडतो. संस्कृतात परोक्ष भूतकाळी धातूचं पहिलं अक्षर दुप्पट होतं (ददौ, चकार), तसलीच ही द्विरुक्ती. पुढे ‘ते’ गळाला आणि तुली उरलं. लातुमचं मूळ रूप ‘त्लातुम’. शब्दारंभी ‘त्ल’ लॅटिनला झेपत नसे, म्हणून ‘त’ गेला. आणि त्यातला ‘तुम’ तर ओळखीचाच: कर्तुम्, भर्तुम् या संस्कृत तुमन्तांतला तोच प्रत्यय.

थोडक्यात, रूपं तीन पण धातू दोनच. इथे आणखी एक गंमत घडली. तुली आणि लातुम खरं तर ‘तोल्लो’, म्हणजे ‘मी उचलतो’, या क्रियापदाच्या घरचे. फेरोने ते पळवल्यावर तोल्लोला भूतकाळच राहिला नाही. त्याने मग ‘सुस्तुली’ आणि ‘सुब्लातुम’ ही उपसर्ग लावलेली रूपं घेतली. म्हणून आज शब्दकोशात नोंद दिसते: तोल्लो, तोल्लेरे, सुस्तुली, सुब्लातुम. लॅटिन वाचताना या एका ओळीने जितक्यांना रडवलं असेल, तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या ओळीने.

रूपं चालवायची कशी

फेरो हे तिसऱ्या गणातलं क्रियापद, फक्त काही ठिकाणी त्याचा जोडस्वर गाळलेला. नियम एका वाक्यात बसतो: तिसऱ्या गणात ‘स’, ‘त’ किंवा ‘र’च्या आधी जो ऱ्हस्व ‘इ’ किंवा ‘ए’ येतो, तो फेरोत नसतो.

‘रेगो’ (मी राज्य करतो) शेजारी ठेवून पाहा. रेगिस, रेगित, रेगितिस. इकडे फेर्स, फेर्त, फेर्तिस. रेगेरे (राज्य करणे) हे मूळ रूप, इकडे फेर्रे. कर्मणीत रेगेरिस, रेगितुर. इकडे फेर्रिस, फेर्तुर. ‘म’ आणि ‘न’च्या आधी मात्र काहीही गळत नाही: फेरिमुस, फेरुन्त, फेरिमुर, फेरिमिनी, फेरुन्तुर हे अगदी नियमाप्रमाणे. अपूर्ण भूतकाळ फेरेबाम, भविष्यकाळ फेराम, फेरेस, फेरेत. यांतला स्वर मुळात दीर्घ असल्यामुळे तो गळण्याचा प्रश्नच येत नाही. तुलीपासून होणारी सगळी रूपं पूर्ण नियमित: तुलिस्ती, तुलित, तुलेरुन्त, तुलेराम.

आज्ञार्थी एकवचन नुसतं ‘फेर’. नवशिका हमखास ‘फेरे’ लिहितो, आणि ‘फेरे’ हा ‘जवळजवळ’ अशा अर्थाचा वेगळाच शब्द आहे. शेवटचा स्वर टाकणारी अशी चार आज्ञार्थी रूपं लॅटिनची पोरं एका दमात म्हणतात: दीक, दूक, फक, फेर, म्हणजे सांग, ने, कर, आण.

एका जागी मात्र रूपावरून निकाल लागत नाही. ‘फेराम’ म्हणजे ‘मी वाहीन’ हेही आणि ‘मी वाहावं’ हेही. एकवचनी प्रथम पुरुषात भविष्यकाळ आणि सब्जंक्टिव्ह (‘वाहावं’सारखं इच्छा-हेतू दाखवणारं रूप) सारखेच. वाक्यात ‘उत’ (म्हणून, यासाठी) किंवा तसलं अव्यय आहे का ते बघायचं. नसेल तर बहुधा भविष्यकाळ.

अर्थ: कर्ता आणि कर्म

फेरोसाठी मराठीत सगळ्यांत जवळचा शब्द ‘वाहणे’. आपण भार वाहतो, नदी वाहते, देवाला फूल वाहतो, चिंता वाहतो. फेरोचा पसारा साधारण याच आकाराचा आहे. व्युत्पत्तीने ‘वाहणे’ हा लॅटिनमधल्या ‘वेहो’चा भाऊ, फेरोचा नव्हे, वेहो म्हणजे गाडी, घोडा, जहाज यांवरून नेणे. हाताने किंवा पाठीवर ओझं नेण्यासाठी ‘पोर्तो’ आहे. युद्ध, पद, कारभार ‘चालवण्यासाठी’ ‘गेरो’. फेरो या सगळ्यांत ढगळ. कुठल्याही दिशेने, कुठल्याही अर्थाने काही नेलं-आणलं की तो चालतो.

दिशा त्याच्या पोटात नाही, हे पक्कं लक्षात घ्यावं. रोमन कवी व्हर्जिलच्या दोन ओळी याचा उत्तम नमुना आहेत. एका ओळीत म्हातारा गुराखी म्हणतो, ‘ओम्निया फेर्त आयतास’: वय सगळं घेऊन जातं. आणि दुसऱ्या कवितेत येऊ घातलेल्या सुवर्णयुगाबद्दल, ‘ओम्निस फेरेत ओम्निया तेल्लूस’: सगळी जमीन सगळं पिकवेल. कर्म दोन्हीकडे ‘ओम्निया’, म्हणजे सगळं. क्रियापद तेच. पण कर्ता ‘वय’ असेल तर ते हिरावून नेतं, कर्ता ‘जमीन’ असेल तर ती देते. ‘फेरो म्हणजे आणणे’ एवढंच घोकलेल्या माणसाने पहिल्या ओळीचा अर्थ नेमका उलटा केला असता.

कर्म दुःख, अपमान, थंडी, उपास असलं काही असेल तर फेरो म्हणजे सोसणे. इथे सोबत येणाऱ्या क्रियाविशेषणाकडे लक्ष द्यावं. ‘आयग्रे फेर्रे’, ‘ग्रवितेर फेर्रे’, ‘मोलेस्ते फेर्रे’ हे तिन्ही वाक्प्रचार ‘मनाला लावून घेणे, वाईट वाटणे’ याच अर्थाचे. ‘कष्टाने वाहणे’ असं शब्दशः भाषांतर केलं की वाक्य कोसळतं. याउलट ‘आयक्वो अनिमो फेर्रे’ म्हणजे शांत मनाने सोसणे.

कर्म मदत असेल (‘अउक्सिलियुम’, ‘ओपेम’) तर मदत करणे. कर्म ‘सिग्ना’, म्हणजे सैन्याची निशाणं, असेल तर कूच करणे, कारण निशाण हललं की तुकडी हलते. कर्म ‘वेन्त्रेम’, म्हणजे पोट, असेल तर गरोदर असणे. ‘प्राय से फेर्रे’, म्हणजे स्वतःच्या पुढे धरून चालणे, याचा अर्थ एखादी भावना न लपवता दाखवणे.

कायद्याच्या भाषेत थोडं थांबायला हवं, कारण तिथे चूक महागात पडते. ‘लेगेम फेर्रे’ म्हणजे कायदा रोमन नागरिकांच्या सभेपुढे मांडणे. तो संमत झालाच असं नाही. शेवटपर्यंत नेऊन संमत करून घेतला तर ‘पेर्फेर्रे’. रोमच्या राजकारणात या दोन शब्दांमधल्या अंतरात माणसं मेली आहेत, त्यामुळे इतिहास वाचताना ‘फेर्रे’ला सरसकट ‘कायदा केला’ म्हणू नये. कायदा मांडणारा तो ‘लेगिस लातोर’, ज्यावरून आजचे लेजिस्लेटर आणि लेजिस्लेचर. वकिलीच्या पुस्तकांत ‘लेक्स लाता’ आणि ‘लेक्स फेरेन्दा’ अशी जोडी भेटते. पहिलं म्हणजे आज लागू असलेला कायदा, दुसरं म्हणजे व्हायला हवा असा कायदा. एकाच क्रियापदाची ही दोन रूपं आहेत हे ठाऊक नसेल तर जोडीचा डौल कळत नाही. ‘सुफ्फ्रागियुम फेर्रे’ म्हणजे मत देणे, आणि ‘रेफेरेन्दुम’ म्हणजे परत नेऊन विचारण्याजोगी गोष्ट.

हिशेबाचे दोन वाक्प्रचार तर आपल्या वहीतले वाटावेत. ‘एक्सपेन्सुम फेर्रे’ म्हणजे एखाद्याच्या नावे टाकणे. ‘अक्केप्तुम रेफेर्रे’ म्हणजे जमा करणे. रोमन वक्ता सिसेरो याने इ.स.पू. 44 मध्ये मार्क अँटनीविरुद्ध लिहिलेल्या दुसऱ्या भाषणात हा जमेचा वाक्प्रचार टोमण्यासाठी वापरला: आम्ही जे जे पाहिलं, ते सगळं नीट हिशेब केला तर एकट्या अँटनीच्या खात्यावर जमा करावं लागेल. ‘पाहिलं’ म्हणजे अर्थातच सगळं वाईट. इथे ‘रेफेर्रे’चं ‘परत आणणे’ असं भाषांतर केलं तर टोमणा हरवतो.

कर्म नसेल तेव्हा

कर्ता रस्ता असेल आणि कर्म नसेल तर फेरो म्हणजे ‘जातो’: ‘क्वो विया फेर्त’, रस्ता नेईल तिकडे. कर्ता मन असेल तर मनाची ओढ. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’ या काव्याची सुरुवातच यामुळे अनेकांना अडखळवते: ‘इन नोवा फेर्त अनिमुस मूतातास दीकेरे फोर्मास कोर्पोरा’. ‘फेर्त अनिमुस’ म्हणजे मन ओढ घेतं. कशाकडे? ‘दीकेरे’, सांगण्याकडे. काय सांगण्याकडे? ‘मूतातास फोर्मास’, बदललेली रूपं. कशात बदललेली? ‘इन नोवा कोर्पोरा’, नव्या देहांत. ‘नोवा’ पहिल्या ओळीच्या सुरुवातीला आहे आणि ‘कोर्पोरा’ थेट दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला फेकला आहे; क्रियापद आधी पकडलं की बाकीचं जागेवर बसतं.

कर्मणी रूपाने तर जास्तच फसगत होते. ‘फेर्तुर’ म्हणजे शब्दशः ‘नेला जातो’, पण नदी, वारा, घोडा, जमाव कर्ता असेल तर अर्थ ‘वेगाने जातो’. सीझर ऱ्हाईन नदीबद्दल ‘कितातुस फेर्तुर’ लिहितो, ते ‘वेगाने वाहते’ एवढंच. तिला कोणी नेत नाही.

आणि तिसरा ‘फेर्तुर’ म्हणजे ‘असं सांगतात’. बातमी तोंडातोंडी ‘वाहिली’ जाते, तिथून हा अर्थ. यासाठी मराठीत दोन अक्षरी रामबाण शब्द आहे: ‘म्हणे’. ‘होमेरुस कायकुस फुइस्से फेर्तुर’: होमर म्हणे आंधळा होता. हेच कर्तरीत ‘फेरुन्त’ वापरून लिहिलं तर होमर द्वितीयेत जातो: ‘फेरुन्त होमेरुम कायकुम फुइस्से’. ओळखायची खूण सरळ आहे. ‘फेर्तुर’ किंवा ‘फेरुन्त’सोबत दुसऱ्या क्रियापदाचं मूळ रूप दिसलं (फुइस्से, वेनिस्से, एस्से), तर तिथे काही वाहून नेलं जात नाही, ‘म्हणे’ चाललं आहे.

व्हर्जिलची सर्वांत प्रसिद्ध फेरो-ओळही इथेच पाहू. ट्रॉयच्या वेशीवर लाकडी घोडा उभा असताना पुजारी लाओकोऑन बजावतो: ‘तिमेओ दनाओस एत दोना फेरेन्तेस’. ‘फेरेन्तेस’ म्हणजे ‘आणणाऱ्या’, आणि ते ‘दनाओस’ला, म्हणजे ग्रीकांना, लागतं. ‘एत’चा नेहमीचा अर्थ ‘आणि’, पण इथे ‘सुद्धा’. ग्रीक भेटी घेऊन आले तरीसुद्धा मला त्यांचं भय वाटतं. ‘ग्रीक आणि भेटी आणणारे’ असं भाषांतर पदवीच्या उत्तरपत्रिकांत दर वर्षी उगवत असेल.

उपसर्ग लागल्यावर

खरा गोंधळ इथे. फेरोला उपसर्ग लागला की उपसर्गाचं शेवटचं व्यंजन पुढच्या अक्षरासारखं होतं, आणि पुढचं अक्षर तर तीन रूपांत तीन वेगळी: फ, त, ल. त्यामुळे एकच उपसर्ग तीन वेशांत फिरतो. ‘अद’ घ्या, म्हणजे ‘कडे’: अफ्फेरो, अत्तुली, अल्लातुम. तिन्ही मिळून ‘कडे आणणे’. आपल्याला हा प्रकार संधीतून ठाऊक आहे: उत् + लेख मिळून उल्लेख होतो, अगदी तसंच अद + लातुम मिळून अल्लातुम.

‘दूर’ या अर्थाच्या ‘अब’च्या जागी इथे फकारापुढे ‘अउ’ येतो: अउफेरो, अब्स्तुली, अब्लातुम, म्हणजे काढून नेणे. पंचमीला लॅटिन व्याकरणात ‘अब्लातीवुस’ म्हणतात ते यावरूनच. पाणिनीच्या परंपरेत त्याच अर्थाला ‘अपादान’, म्हणजे दूर नेणे. दोन व्याकरणांनी एकमेकांना न विचारता एकच नाव ठेवलं.

‘कोन’, म्हणजे एकत्र: कोन्फेरो, कोन्तुली, कोल्लातुम. दोन गोष्टी एकत्र आणणे, म्हणून तुलना करणे. संशोधनाच्या लेखांत ‘सी एफ’ असा संक्षेप येतो तो ‘कोन्फेर’ या आज्ञार्थाचा, ‘ताडून पाहा’. बरेच लोक तो ‘संदर्भ पाहा’ अशा अर्थाने वापरतात. नीट पाहिलं तर तुलना सुचवायची असेल तिथेच तो शोभतो. ‘से कोन्फेर्रे’ म्हणजे मात्र स्वतःला नेणे, कुठेतरी जाणे.

‘दिस’: दिफ्फेरो, दिस्तुली, दीलातुम. कर्म असेल तर पुढे ढकलणे, नसेल तर वेगळं असणे. इंग्रजीत या एकातूनच ‘डिफर’ आणि लांबणीवर टाकण्याचा ‘डिफर’ असे दोन निघाले. ‘एक्स’: एफ्फेरो, एक्स्तुली, एलातुम, म्हणजे बाहेर नेणे, प्रेत स्मशानात नेणे, आणि वर उचलणे. यांतलं कुठलं, ते पुन्हा कर्मावरून. ‘इन’: इन्फेरो, इन्तुली, इल्लातुम. ‘बेल्लुम इन्फेर्रे’ म्हणजे चढाई करणे, आणि ज्याच्यावर चढाई तो चतुर्थीत येतो. विद्यार्थी द्वितीया शोधत बसतात, पण द्वितीया तर ‘बेल्लुम’ने आधीच घेतलेली असते.

ओफ्फेरो, ओब्तुली, ओब्लातुम म्हणजे पुढे धरणे, अर्पण करणे. प्रायफेरो, प्रायतुली, प्रायलातुम म्हणजे अधिक पसंत करणे. त्रान्स्फेरो, त्रान्स्तुली, त्रान्स्लातुम म्हणजे पलीकडे नेणे. ट्रान्सफर आणि ट्रान्सलेट हे त्याचेच दोन तुकडे. रेफर आणि रिलेट, कॉन्फर आणि कोलेट या जोड्याही तशाच: एक वर्तमानातून, दुसरी लातुमातून. फक्त ‘डायलेट’ या इंग्रजी शब्दाला या पंगतीत बसवू नये. तो ‘रुंद’ अशा अर्थाच्या दुसऱ्या ‘लातुस’वरून आला आहे.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना अफेरंट आणि इफेरंट चेतातंतूंमध्ये घोळ होतो. अफ्फेरो आणि एफ्फेरो आठवले की तो मिटतो: पहिले मेंदूकडे आणणारे, दुसरे बाहेर नेणारे.

रेफेरोचं भूतकाळी रूप ‘रेत्तुली’, दोन ‘त’ असलेलं. ही छपाईची चूक नाही. ‘रे’ला जुनं ‘तेतुली’ जोडलं गेलं, मधला स्वर पडला आणि गळालेल्या द्विरुक्तीची एवढी खूण राहिली.

मजकुरात अनोळखी रूप आलं तर कसं उलगडायचं? समजा ‘रेस्पोन्सुम दोमुम रेत्तुलेरुन्त’ असं आलं. शेवटचा ‘एरुन्त’ वेगळा काढा: भूतकाळ, ‘त्यांनी’. उरलं ‘रेत्तुल’. ‘तुल’ दिसला म्हणजे शब्दकोशात फेरोच्या कुटुंबात जायचं. उपसर्ग ‘रे’, म्हणून रेफेरो. कर्म ‘उत्तर’, ‘दोमुम’ म्हणजे घरी. उत्तर घेऊन ते घरी परतले. याच रीतीने ‘लात’ दिसला की तोही बहुधा फेरोच. मोठा अपवाद: ‘सुस्तुल’ आणि ‘सुब्लात’. कागदोपत्री ते सुफ्फेरोचेही आहेत, पण व्यवहारात जवळजवळ नेहमी तोल्लोचे निघतात. ‘पाक्स सुब्लाता एस्त’ म्हणजे शांतता संपवली गेली. सोसली गेली नव्हे.

तोल्लोचे स्वतःचेही दोन अर्थ आहेत, वर उचलणे आणि नाहीसं करणे. इ.स.पू. 43 मध्ये तरुण ऑक्टेव्हियनबद्दल (पुढचा सम्राट ऑगस्टस) सिसेरो म्हणाल्याचं एका पत्रात नोंदलं आहे: या पोराची स्तुती करावी, त्याला मान द्यावा, आणि ‘तोल्लेन्दुम’. उच्चपदी चढवावं की उडवावं, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. ऑक्टेव्हियनने काय ठरवलं असेल ते सांगायला नको. त्याच वर्षाच्या अखेरीस सिसेरोचं नाव ठार मारायच्या यादीत होतं.

गोव्यात आणि वसईत 1960च्या दशकापर्यंत मिस्सा, म्हणजे चर्चमधली कॅथलिक उपासना, लॅटिनमध्ये होत असे, त्यामुळे तिथल्या जुन्या पिढीच्या कानांवर ही दोन्ही क्रियापदं आलेली आहेत. ‘आग्नुस देई, क्वी तोल्लिस पेक्काता मुंदी’: जगाची पापं दूर करणाऱ्या देवाच्या कोकरा. मुख्य प्रार्थनेत ‘ओफ्फेरिमुस’, आम्ही अर्पण करतो, आणि पुढे ‘पेर्फेर्री’ येतं: हे अर्पण देवदूताच्या हातून वरच्या वेदीवर नेलं जावो, अशी विनंती. ‘फेर्री’ हे कर्मणी मूळ रूप आहे, ‘नेलं जाणे’.

फसवे जुळे

तेच ‘फेर्री’ एकटं आलं तर दुसरंही काही असू शकतं: ‘फेर्रुम’, लोखंड, याची षष्ठी. ‘फेर्रो’ म्हणजे लोखंडाने, तलवारीने. फेरोत एकच ‘र’ आहे एवढं डोळ्यांत तेल घालून बघावं. ‘फेरियो’ म्हणजे मी मारतो, त्याचं ‘फेरित’ हे ‘फेर्त’सारखं दिसतं. ‘फेरा’ म्हणजे जंगली जनावर. द्वितीयेत ‘फेराम’, म्हणजे वर आलेलं ‘मी वाहीन’ आणि हे अगदी एकसारखे. ‘लातुस’ वाहिलेला आणि ‘लातुस’ रुंद हे तर अक्षरशः जुळे. ‘लतुस’, ऱ्हस्व ‘ल’चा, म्हणजे बाजू, कूस. छापील लॅटिनमध्ये तिन्ही बहुधा सारखेच दिसतात.

पण सगळ्यांत चिवट ‘रेफेर्त’. एक रेफेरोचं साधं रूप: तो परत आणतो, तो सांगतो. त्यातला ‘रे’ ऱ्हस्व. दुसरा ‘रे’ दीर्घ आणि तो मुळी उपसर्गच नाही; ‘रेस’, म्हणजे बाब, याची पंचमी आहे. या दुसऱ्याला कर्ता नसतो आणि अर्थ ‘फरक पडतो’. ज्याला फरक पडतो तो चतुर्थीत येत नाही. ‘मेआ’, ‘तुआ’, ‘नोस्त्रा’ अशी ‘माझ्या’, ‘तुझ्या’, ‘आमच्या’ची स्त्रीलिंगी पंचमी येते, कारण ती त्या लपलेल्या ‘रे’ला लागून आहे. म्हणून वाक्यात ‘रेफेर्त’जवळ एकटाच, नामाशिवाय लटकणारा ‘मेआ’ दिसला की हा दुसरा समजावा. रोमन बोधकथाकार फायद्रुसच्या कथेतलं गाढव, शत्रू येतोय, पळ, असं सांगणाऱ्या मालकाला विचारतं: ‘क्विद रेफेर्त मेआ कुई सेर्वियाम’, मी कुणाची चाकरी करतो याने मला काय फरक पडतो, पाठीवरचं ओझं तर तेवढंच राहणार. ओझ्यासाठी त्या गाढवाच्या तोंडी ‘पोर्तेम’ आहे, फेरो नाही.